रीतीप्रमाणे एकावन्न डॉलर

गुरुवार, १२ ऑक्टोबर २००६

कॉलेजच्या हॉलमधून आत्ताच आलो. मीटिंग जिंकली. 'जिंकली' हा शब्द माझ्या बायकोला, वसुधाला आवडला नाही. म्हणाली, "मीटिंग होते, जिंकत नाहीत." पण बरोबर शब्द सापडला की मी तो बदलत नाही.

ही वही पुढेमागे कुणाच्या हाती पडली तर संदर्भ असावा म्हणून लिहितो. इथे न्यूझीलंडात हायस्कूललाच कॉलेज म्हणतात, आणि ते तेरावीपर्यंत असतं. आमचं टोटारा रोड कॉलेज, मनुरेवा, ऑकलंड. आमची मुलगी भाग्यश्री तिथे बारावीला आहे आणि मुलींच्या क्रिकेट टीमची ओपनर आहे. मी टीमचा कोच, बिनपगारी. क्रिकेटचं कुठलंही सर्टिफिकेट माझ्याकडे नाही. इंजिनिअरिंगचंही नाही. जे शिकलो ते वाचून आणि उघडून बघून.

प्रश्न असा होता: पालकांच्या क्लबने सॉसेज भाजून आणि गाड्या धुऊन जो निधी जमवला तो कशावर घालावा? केविन, म्हणजे खेळांचा प्रमुख, ऐन थंडीतही हाफपँटीत असतो. तो म्हणाला, "चार-पाच मुली घरच्या गरजेपोटी शनिवारी कामाला जातात. त्यांना आपण कॉलेजातच काम देऊ. किट धुणं, मैदानावर रेषा मारणं. मजुरी मिळेल आणि खेळताही येईल." बॉटनी डाउन्सकडचं ते श्रीमंत हार्टवेल कॉलेज तर चांगल्या मुलींना फी, बूट, व्हॅन, सगळं देतं म्हणे.

मी उभा राहिलो. म्हणालो, खेळाडूच्या हातात पैसा आला की खेळ संपतो आणि नोकरी सुरू होते. पैसा घालायचा तर साधनांवर घाला. बोलिंग मशीन घ्या, नेट नवे करा. स्पर्धेच्या नियमावलीतलं सहावं कलमही मी वाचून दाखवलं. खेळातल्या कामगिरीबद्दल रोख रक्कम देणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर बंदी. केविन म्हणाला, "शिरीष, मी रोख द्यायचं म्हणतच नाहीये. कामाची मजुरी." मी म्हणालो, "पळवाटा मला शिकवू नकोस." टाळ्या पडल्या.

आमची फास्ट बोलर सिना लिओटा, तिची आई शेवटी उठली. सामोअन बाई, आवाज मऊ. विचारलं, "ते मशीन माझ्या मुलीच्या शिफ्टला जाईल का?" प्रश्न विषयाला सोडून होता. तरी मी हसून मान लववली. मतं पडली. मशीन मंजूर.

शनिवार, २१ ऑक्टोबर

पहिली मॅच जिंकलो. सिनाने तीन बळी घेतले. एवढी उंची, एवढा सरळ हात आणि सोडताना मनगट असं, की चेंडू पडल्यावर विचार करून वळतो असं वाटावं. मी पुस्तकांत जे वाचलं ते ही मुलगी न वाचता करते. याचा किंचित राग येतो, हेही लिहून ठेवतो.

पण शिस्त शून्य. आपली षटकं संपली की कॅप्टनच्या कानात काहीतरी पुटपुटून तशीच मळक्या पायांनी बसस्टॉपकडे पळाली. फिश अँड चिप्सच्या दुकानात तळणीला उभी राहते.

घरी येताना गाडीत म्हटलं, "टीम सोडून बटाटे तळायला जाते म्हणजे काय?"

भाग्यश्री खिडकीबाहेर बघत म्हणाली, "डॅड, शी हॅज वर्क."

"इथेही कामच आहे."

"येह, बट दे पे हर."

मराठीत उत्तर दे म्हटलं. तिने रेडिओ लावला.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

मशीन आलं. दुकानदाराचा माणूस जोडून देणार होता, मी त्याला हातही लावू दिला नाही. गॅरेजमध्ये पूर्ण उघडलं, दोन्ही चाकांचा बॅलन्स तपासला, एक बेअरिंग सैल होतं ते बदललं. आता त्यातून चेंडू सुटतो तो एका जागी पडतो. रुमाल टाकला तर रुमालावर.

प्रॅक्टिसला तीन मुली आल्या. सिना नव्हती, तिची मंगळवारीही दुकानात शिफ्ट. तिघींपैकी दोघी म्हणाल्या, चेंडू फार जोरात येतो, आणि बाकावर जाऊन बसल्या. तिसरी भाग्यश्री, ती क्लासला पळाली. मग मीच पॅड बांधून उभा राहिलो. तिसरा चेंडू बरगडीत बसला. मशीन उत्तम आहे.

वसुधाने शेक दिला. तिचे वडील भाऊसाहेब सहा महिन्यांसाठी सांगलीहून आले आहेत. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. अजून घरातल्या प्रत्येकाची येण्याजाण्याची वेळ त्यांना हवी असते. सोफ्यावरून म्हणाले, "जावईबापू, रिकामी गाडी वेळेवर सोडण्यात फार समाधान असतं. मी तीस वर्षं घेतलंय."

गुरुवार, १६ नोव्हेंबर

वाईट बातमी. हार्टवेलने सिनाला विचारलंय. फेब्रुवारीपासून फी माफ, बूट, घरापासून व्हॅन. दुकानातलं काम सोडलं तर घरी जे कमी पडेल त्याचीही काहीतरी 'सोय'. भाग्यश्रीने जेवताना सांगितलं आणि ताटावरून उठून गेली. दोघी तिसरीपासून एका बाकावर आहेत.

मी वसुधाला म्हटलं, "बघ. हेच मी त्या मीटिंगमध्ये सांगत होतो. पैसा आला की निष्ठा जाते."

ती मटार सोलत होती. म्हणाली, "मग ती इथे कशाला राहील?"

"मशीन आहे ना!"

तिने साली गोळा केल्या. मग विचारलं, "तिची दुकानातली वेळ काय असते हो?" मला काय माहीत? मी कोच आहे, दुकानदार नाही.

झोप आली नाही. पिंपरीच्या कंपनीतले दिवस आठवले. आमच्या टूलरूममध्ये तिघे होते, कंपनीच्या क्रिकेट टीमसाठी भरती केलेले. हजेरी लावायचे आणि नेटवर जायचे. त्यांचे लेथ मी चालवायचो. पगार त्यांचा, घाम माझा. वर्षाच्या शेवटी चषक त्यांच्या हातात आणि टाळ्या वाजवायला मी पहिल्या रांगेत. टीमच्या निवड-चाचणीला मीही एकदा गेलो होतो. तो तपशील इथे महत्त्वाचा नाही.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

आनंदाची बातमी. सिनाने चिप्सचं दुकान सोडलं! आज प्रॅक्टिसला पूर्ण वेळ होती. मशीनकडे नुसतं पाहिलं, खेळली नाही, पण पाहिलं. साधनांची ओढ ही अशी असते. केविनला मुद्दाम सांगितलं. तो म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, मेट," म्हणजे मस्तच, आणि का कोण जाणे, हसला.

दुसरी गोष्ट याहून चांगली. प्रॅक्टिसनंतर सिना आमच्या घरी आली आणि भाऊसाहेबांना हाताला धरून फिरायला घेऊन गेली. लायब्ररीपर्यंत जाऊन परत. आता मंगळवारी, गुरुवारी आणि रविवारी येणार आहे. स्वतःहून! मी वसुधाला म्हटलं, "पाहिलंस? वडीलधाऱ्यांची सेवा. यांच्यातही आपल्यासारखेच संस्कार. एका पैशाची अपेक्षा नाही."

वसुधा म्हणाली, "चहा घेता का अजून?"

भाऊसाहेब खूश आहेत. सिनाला त्यांनी 'डबल बेल' शिकवली आहे. दोनदा टाळी वाजवली की निघायचं, एकदा वाजवली की थांबायचं. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, म्हणून बहुधा भांडण होत नाही.

शनिवार, ९ डिसेंबर

वर्षातली शेवटची मॅच. सिनाने सात बळी घेतले. सात! आम्ही थेट अंतिम सामन्यात पोचलो. तो मार्चमध्ये, हार्टवेलशीच. आणि सिनाने हार्टवेलला नकार कळवला. इथेच राहते म्हणाली.

संध्याकाळी टीमचं बार्बेक्यू आमच्या परसात ठेवलं होतं. एवढ्या कामगिरीनंतर नुसतं सॉसेज देऊन पाठवायचं हे माझ्या बुद्धीला पटेना. म्हणून रीतसर सत्कार केला. पाट मांडला, रांगोळी भाग्यश्रीकडून काढून घेतली. शाल, श्रीफळ आणि पाकीट. भाऊसाहेबांच्या हस्ते. सिनाने नारळ छातीशी धरला आणि तिची आई रडली.

वसुधा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "पाकिटात काय घातलंत?"

"रीतीप्रमाणे. एकावन्न."

"अहो, मीटिंगमध्ये तुम्हीच ते कलम वाचून—"

"ते पैशांबद्दल आहे. हे पैसे नव्हेत. हा मान आहे."

"हा मान दुकानात नेला तर बूट मिळतील?"

अशा वेळी तिच्याशी वाद घालत नाही. केविनने विचारलं, नारळ कशासाठी. मी सविस्तर सांगितलं. फोटो छान आला. कॉलेजच्या पत्रकासाठी मजकूर मीच लिहून देणार. दुसऱ्यांनी लिहिला की तपशील चुकतात.

गुरुवार, ८ फेब्रुवारी २००७

नव्या वर्षाचं पहिलं पत्रक आलं. फोटो पहिल्या पानावर. खाली माझा मजकूर, एक अक्षर न बदलता: 'एका सामन्यात सात बळी घेतल्याबद्दल सिना लिओटा हिला कोचतर्फे शाल, श्रीफळ व रोख एकावन्न डॉलर देऊन गौरवण्यात आले.' पाच प्रती आणल्या. एक सांगलीला पाठवतोय.

बुधवार, १४ फेब्रुवारी

हार्टवेलने तक्रार केली.

तक्रारीला त्यांनी पुरावा जोडलाय. पुरावा म्हणजे आमचं पत्रक. स्पर्धेच्या समितीपुढे चौकशी. कलम सहा. सिद्ध झालं तर सिना वर्षभर बाद. म्हणजे अंतिम सामना नाही आणि एप्रिलमधली ऑकलंडच्या संघाची निवडही नाही. केविन फोनवर एवढंच म्हणाला, "शिरीष, ते कलम तूच वाचून दाखवलं होतंस, मेट."

संध्याकाळी सिनाची भाऊसाहेबांना घ्यायला यायची पाळी नव्हती. आज बुधवार. पण आली. मागच्या दाराशी उभी राहून मला म्हणाली, "अंकल, मी काही चुकीचं घेतलं का?"

मी म्हटलं, "नाही गं. तू मान घेतलास."

"ओके," म्हणाली. पण गेली नाही. मग वसुधा बाहेर आली आणि तिला आत घेऊन गेली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. मला बोलावलं नाही.

मी चुकलो का? दोन्ही बाजूंनी तपासलं. हेतू शुद्ध, रीत जुनी, मजकूर अचूक. कुठेही चूक सापडत नाही. मशीनचं तसं नसतं. मशीन बिघडलं की कुठेतरी आवाज येतो.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

चौकशी झाली. झालं तसं लिहितो.

लांब टेबल. मध्ये अध्यक्षबाई, साठीच्या, चष्मा दोरीला. एका बाजूला हार्टवेलचा माणूस. आमच्याकडून मी, केविन, सिना आणि तिची आई. वसुधाही आली, भाऊसाहेबांना घेऊन. मी म्हटलं होतं, त्यांचं काय काम? ती म्हणाली, "लागतील."

मी उभा राहून निवेदन केलं. सत्काराची परंपरा, शाल म्हणजे काय, श्रीफळ म्हणजे काय. बाईंनी विचारलं, "पन्नास का नाही? वरचा एक कशासाठी?" मला फार बरं वाटलं. नेमका प्रश्न विचारणारं माणूस दुर्मीळ. मी समजावून सांगितलं की देणं शून्यावर संपू नये, म्हणून वर एक. बाईंनी लिहून घेतलं. मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं: 'शिवाय एक डॉलर बोनस.'

"आणि हे पैसे कुठल्या कामाचे?"

"कुठल्याच कामाचे नाहीत! तोच तर मुद्दा आहे. सात बळी घेतल्याबद्दलचा मान."

"म्हणजे सात बळी घेतल्याबद्दल."

"अर्थात."

केविनने कपाळावर हात ठेवला.

मग हार्टवेलचा माणूस सिनाकडे वळला. "या कुटुंबाकडून तुला आणखी कधी पैसे मिळालेत?"

मला हसू आलं. म्हटलं, "ही मुलगी माझ्या सासऱ्यांना आठवड्यातून तीनदा फिरवते. नोव्हेंबरपासून. एक डॉलर न घेता. हिला पैशाचा मोह असता तर—"

"यस," सिना म्हणाली. "दर आठवड्याला. आँटीकडून."

मी वसुधाकडे वळलो.

वसुधाने पिशवीतून कागद काढले. ती एका ऑफिसात लोकांचे पगार करते, वीस माणसांचे. इथे एकविसावं माणूस तिने माझ्या घरात केलं होतं. दर आठवड्याची पावती, तास, कापलेला आणि सरकारजमा केलेला कर. म्हणाली, "चिप्सच्या दुकानात मिळायचं तेवढंच देते. वेळ प्रॅक्टिस आणि मॅच सोडून."

बाईंनी भाऊसाहेबांना विचारलं, काम खरंच होतं का. भाऊसाहेब उठले, टोपी सारखी केली आणि त्यांच्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, आय वॉक व्हेरी स्लो. आय स्टॉप एव्हरी ट्री. आय टॉक होल टाइम. शी अर्न्स इट." आणि बसले. "क्रिकेट आय डोन्ट नो," एवढं बसल्यावर जोडलं.

बाई पहिल्यांदाच हसल्या.

निर्णय असा. फिरवण्याची मजुरी ही मजुरी, तिचा खेळाशी संबंध नाही. एकावन्न डॉलर मात्र कलम सहा. सिनाला नियम माहीत नव्हता, म्हणून रक्कम परत केली तर ती खेळू शकते. नियम माहीत असलेल्या इसमाला उरलेला हंगाम मैदानाच्या कुंपणाच्या आत बंदी. शाल आणि नारळ ठेवायला हरकत नाही. नारळाची डिसेंबरातच चटणी झाली होती, पण मी बोललो नाही. आज प्रथमच एक तपशील गाळला.

सिनाने तिथेच पैसे टेबलावर ठेवले. वरच्या नाण्यासकट. ते कुठून आले हे आता मला माहीत होतं. माझ्याच घरातून.

परतताना गाडी मी चालवत होतो. मनुरेवाच्या सिग्नलला मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

वसुधा म्हणाली, "तुम्ही भाषण केलं होतंत ना."

मागून भाऊसाहेब म्हणाले, "हिरवा झालाय, जावईबापू." आणि दोनदा टाळी वाजवली.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

प्रॅक्टिस केविन घेतो. मी शेडमध्ये जाऊन मशीन पुसून यावं म्हटलं, तर शेड कुंपणाच्या आत. केविन कुंपणाशी आला. म्हणाला, मशीन त्याने भाड्याने लावलंय. मुली वापरत नाहीत, नुसतं पडून होतं. भाड्याच्या पैशातून दोघी मुलींना किट धुण्याचं काम दिलंय, त्या आता शनिवारी मोकळ्या असतात.

भाड्याने कुणाला? तर हार्टवेलला. इतका अचूक चेंडू टाकणारं मशीन आम्ही पाहिलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे मशीनचा निर्णय सर्वथा योग्यच होता.

शनिवार, ३ मार्च

अंतिम सामना.

सकाळी वसुधा डबे भरत होती. टीमची मॅनेजर म्हणून केविनने तिलाच घेतलंय. मला म्हणाली, "सिना आज मैदानात, मी मैदानात. भाऊसाहेबांजवळ कोण?" मी म्हटलं, मला तसंही आत यायचं नाही. "मग आज फिरवायची ड्यूटी तुमची."

मी आणि भाऊसाहेब कुंपणाबाहेर पोहुतुकावाच्या झाडाच्या सावलीत घडीच्या खुर्च्या टाकून बसलो. बसलो कसले. दर थोड्या वेळाने त्यांना फेरी हवी. दर झाडापाशी थांबतात. हे झाड सांगलीत असतं तर काय नाव पडलं असतं, यावर चर्चा. फेरी मारून येतो तर एक विकेट गेलेली. परत फेरी, परत एक. काम सोपं नाही. याची कल्पना बसून येत नाही.

भाग्यश्रीने चाळीसवर धावा काढल्या, त्यातल्या निम्म्या आम्ही तिसऱ्या झाडापाशी असताना. हार्टवेलच्या मुली सरळ चेंडूंवर फार सुंदर खेळत होत्या. माझ्या मशीनने शिकवलेलं मी लांबूनही ओळखलं. शेवटी त्यांना थोड्याच धावा हव्या होत्या आणि सिनाच्या हातात चेंडू आला. भाऊसाहेबांनी नेमकी तेव्हाच दोनदा टाळी वाजवली, निघू या म्हणून. मी आयुष्यात प्रथम त्यांच्या बेलला जुमानलं नाही. कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.

तो चेंडू पडला आणि विचार करून वळला. मशीनच्या चेंडूला विचार नसतो. हार्टवेलच्या मुलीची मधली यष्टी गेली.

मी ओरडलो. मराठीत ओरडलो, काय ते आठवत नाही. सिना धावत कुंपणापाशी आली, मला वाटलं माझ्याकडे. तिने जाळीतून बोटं घालून भाऊसाहेबांना विचारलं, "आज किती झाडं?"

"नाइन," भाऊसाहेब म्हणाले. "ही इज नॉट पेशंट."

घरी आल्यावर सगळे दमले होते. वसुधाने पर्स उघडली आणि माझ्यापुढे नोटा धरल्या.

"हे काय?"

"आजच्या फेऱ्यांचे, सिनाच्या दराने. काम तुम्ही केलंत."

"आपल्याच घरातल्या माणसाला? अगं, काय बोलतेस! सासरे आहेत माझे!"

"घ्या हो," भाऊसाहेब सोफ्यावरून म्हणाले. "कामाचे आहेत. कर कापलेला आहे."

भाग्यश्री दारात उभी होती, गळ्यात मेडल. चक्क मराठीत म्हणाली, "घ्या ना, बाबा."

घेतले. मोजले नाहीत, पण जाडीवरून बरोबर असावेत. देणाऱ्याचा अवमान होऊ नये म्हणूनच घेतले. ही मजुरी नव्हे, एवढं इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो.